मुख्यमंत्रिपद : लिखित तरतुदी आणि अलिखित संकेत
महाराष्ट्राच्या अनुभवाची एक चिकित्सा

प्रस्तावना

पदवी वर्गात 'मुख्यमंत्र्याची नेमणूक' हा घटक साधारणतः एका तासिकेत आटोपतो. कलम १६४ (१) नुसार राज्यपाल मुख्यमंत्र्याची नेमणूक करतात, मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची नेमणूक करतात आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत मंत्री पदावर राहतात, एवढे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास आपण पूर्ण गुण देतो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे दिले आहेत. तथापि या उत्तरात प्रश्न तसाच शिल्लक राहतो. नेमणूक कोणाची करावयाची, किती दिवसांत करावयाची, बहुमत कोठे व कसे पाहावयाचे, राजीनामा केव्हा द्यावयाचा आणि तो दिल्यानंतर नवा मनुष्य येईपर्यंत जुन्याचे अधिकार कोणते, याविषयी कलम १६४ मध्ये जवळजवळ काहीच नाही. 'बहुमत' हा शब्दही त्या कलमात आढळत नाही. मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, हे त्याच कलमाचे दुसरे पोटकलम आणि सहा महिन्यांत विधिमंडळाचे सदस्यत्व मिळविण्याची चौथ्या पोटकलमातील अट, एवढ्या सामग्रीवर बाकीचा सारा डोलारा उभा आहे. तो उभा राहतो संकेतांवर.

आपली क्रमिक पुस्तके 'संकेत' हा विषय ब्रिटिश राज्यघटनेच्या प्रकरणात शिकवितात आणि भारतीय राज्यघटना 'लिखित व विस्तृत' असल्याचे सांगून पुढे जातात. ही विभागणी महाराष्ट्राच्या अनुभवावर टिकत नाही. २०१९ ते २०२४ या काळात या राज्याने एकाच लिखित मजकुराचे परस्परांशी न जुळणारे इतके उपयोग पाहिले आहेत, की तो मजकूर आणि त्याभोवतीची अलिखित चौकट यांचा संबंध नव्याने तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखाचा रोख विशेषतः एका मुद्द्यावर आहे. संकेत पाळणाऱ्यालाच कायद्याच्या दरबारात तोटा होऊ लागला, तर संकेताचे काय होते?

घटनासमितीने काय लिहिले व काय वगळले

अलिखित भाग अनवधानाने राहून गेला, असा एक समज प्रचलित आहे. तो बरोबर नाही. घटनेच्या मसुद्यात राज्यपालांसाठी सूचनांचे एक स्वतंत्र परिशिष्ट होते. विधिमंडळात स्थिर बहुमत राखण्याची सर्वाधिक शक्यता असलेल्या व्यक्तीशी विचारविनिमय करून मंत्र्यांची निवड करावी, अशा आशयाची सूचना त्यात होती. ऑक्टोबर १९४९ मध्ये हे परिशिष्ट विचारपूर्वक वगळण्यात आले. संसदीय पद्धतीचे प्रघात आपल्याकडे रुजतील व ते पुरेसे ठरतील, हा त्यामागील विश्वास होता. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाचा सल्ला मानलाच पाहिजे हे घटनेत स्पष्ट का लिहिले नाही, हा प्रश्न डॉ. राजेंद्रप्रसाद यांनीही उपस्थित केला होता. अखेर तेही प्रघातावर सोडण्यात आले.

पुढे केंद्राबाबत हा विश्वास अपुरा वाटला. ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) कलम ७४ मध्ये राष्ट्रपती सल्ल्यानुसार वागतील असे स्पष्ट लिहिण्यात आले, आणि ४४ व्या दुरुस्तीने (१९७८) एकदा फेरविचारास पाठविण्याची मुभा जोडण्यात आली. राज्यपालांविषयीच्या कलम १६३ मध्ये मात्र तशी दुरुस्ती झाली नाही. उलट एखादी बाब राज्यपालांच्या स्वेच्छाधिकारात येते की नाही, याचा त्यांचाच निर्णय अंतिम राहील, ही तरतूद तेथे कायम आहे. शमशेर सिंग खटल्यात (१९७४) सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालही सल्ल्यास बांधील असल्याचे सांगितले. म्हणजे जी गोष्ट दिल्लीसाठी घटनेच्या मजकुरात आहे, ती मुंबईसाठी न्यायालयाच्या निकालात आणि प्रघातात आहे. आपल्या अध्यापनात हा फरक सहसा येत नाही. राज्यात पेचप्रसंग उद्भवला की वाद मात्र नेमका येथून सुरू होतो.

सोलापूरचे उदाहरण

सहा महिन्यांची अट ही मुख्यमंत्र्याविषयीची सर्वांत स्पष्ट लिखित तरतूद होय. तिच्याभोवतीचे संकेत पाहण्यासाठी दूर जावयास नको. १८ जानेवारी २००३ रोजी श्री. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते सोलापूरचे लोकसभा सदस्य होते. त्यांनी लोकसभेची जागा सोडली, दक्षिण सोलापूर विधानसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढविली आणि ते विधानसभेत गेले. त्यांनी रिकाम्या केलेल्या लोकसभेच्या जागेवर त्याच वर्षी भारतीय जनता पक्षाचे श्री. प्रतापसिंह मोहिते-पाटील निवडून आले. मुख्यमंत्र्याच्या पक्षाने मुख्यमंत्र्याच्याच शहरातील जागा गमावली. सहा महिन्यांत मतदारांसमोर जाण्याची अट केवळ औपचारिक नव्हती, तिला राजकीय किंमत होती, हे येथे दिसते.

वस्तुतः विधान परिषदेचा मार्ग मोकळा होता. विधानसभेतूनच यावे असे कोठेही लिहिलेले नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये श्री. पृथ्वीराज चव्हाण केंद्रातून येऊन मुख्यमंत्री झाले व पुढे विधान परिषदेवर गेले; २०२० मध्ये श्री. उद्धव ठाकरे यांनीही तेच केले. दोन्ही कृती पूर्णतः घटनात्मक होत्या. परंतु मंत्रिमंडळ ज्या सभागृहास जबाबदार आहे, त्या सभागृहात मत देण्याचा अधिकारच नसलेला नेता त्याचे नेतृत्व करतो, ही विसंगती लिखित नियमाने झाकली जाते. इंग्लंडमध्ये १९२३ साली लॉर्ड कर्झन यांना डावलून बाल्डविन यांना पंतप्रधान करण्यात आले, आणि १९६३ साली लॉर्ड होम यांना उमरावपद सोडून पोटनिवडणूक लढवावी लागली. तेथे हा केवळ संकेत आहे. आपल्याकडे नियम लिहिला गेला, आणि नियमाने जे मागितले नाही ते करण्याची गरज हळूहळू कोणास वाटेनाशी झाली. २००३ च्या सोलापुरातील पोटनिवडणुकीचे महत्त्व त्या अर्थाने आज अधिक जाणवते.

याच्या नेमके उलट उदाहरण १९९९ चे आहे. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले श्री. गिरिधर गमांग यांनी लोकसभेचे सदस्यत्व सोडले नव्हते. १७ एप्रिल रोजी त्यांनी लोकसभेत येऊन मतदान केले आणि वाजपेयी सरकार एका मताने पडले. नियमाचा भंग झाला नव्हता. अध्यक्षांनी तो प्रश्न सदस्याच्या विवेकावर सोपविला होता.

२०२० मधील ठाकरे यांचा प्रसंग आणखी एका कारणाने बोलका आहे. २७ मे रोजी सहा महिने पूर्ण होत होते आणि साथीमुळे विधान परिषदेच्या निवडणुका लांबणीवर पडल्या होत्या. ९ एप्रिल रोजी मंत्रिमंडळाने त्यांना राज्यपालनियुक्त सदस्य करण्याची शिफारस केली, त्याच महिन्यात पुन्हा केली; राज्यपालांनी होकार दिला नाही व नकारही दिला नाही. साहित्य, विज्ञान, कला, सहकार व समाजसेवा या क्षेत्रांसाठी राखलेल्या जागांचा असा उपयोग व्हावा काय, हा आक्षेप रास्त होता, हे येथे मान्य केले पाहिजे. अखेर निवडणूक आयोगाने निवडणुकीस परवानगी दिली आणि १४ मे रोजी ते बिनविरोध निवडून आले. लिखित मुदत अत्यंत काटेकोर होती. ती पाळता येईल की नाही हे मात्र ज्याला कोणतीही मुदत लागू नाही अशा मौनावर अवलंबून राहिले.

किती दिवस?

निकाल आणि शपथविधी यांच्यातील काळाविषयी घटना गप्प आहे. २००४ साली निकाल १६ ऑक्टोबरला लागले आणि श्री. विलासराव देशमुख यांचा शपथविधी १ नोव्हेंबरला झाला. त्या सोळा दिवसांत श्री. शिंदे काळजीवाहू मुख्यमंत्री होते. 'काळजीवाहू' हा शब्दही घटनेत नाही. सभागृह विसर्जित झाले तरी मंत्रिमंडळ अस्तित्वात असलेच पाहिजे, एवढे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये यू. एन. आर. राव खटल्यात सांगितले. अशा मंत्रिमंडळाने मोठे धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत, हा निव्वळ संकेत आहे. (योगायोग असा, की त्यानंतर काही दिवसांतच श्री. शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले, म्हणजे मेजाच्या दुसऱ्या बाजूस जाऊन बसले.)

२०१९ मध्ये निकाल २४ ऑक्टोबरला लागले. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४ व काँग्रेस ४४ अशी स्थिती होती. राज्यपालांनी ९ नोव्हेंबरपासून एकेका पक्षास पाचारण केले, शिवसेनेने मागितलेली मुदतवाढ नाकारली आणि राष्ट्रवादीस दिलेली मुदत संपण्यापूर्वीच १२ नोव्हेंबर रोजी राष्ट्रपती राजवट लागू झाली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे ती उठविण्यात आली. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झाली नाही. पंतप्रधानांना अपवादात्मक प्रसंगी असलेला नियम १२ खालील अधिकार वापरण्यात आला. सकाळी आठच्या सुमारास श्री. देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला. २०२४ मध्ये निकाल २३ नोव्हेंबरला लागले, विधानसभेची मुदत २६ ला संपली आणि शपथविधी ५ डिसेंबरला झाला. राष्ट्रपती राजवटीचा प्रश्न गांभीर्याने कोणी काढला नाही. दोन्ही प्रसंग सारखे नव्हते, कारण २०२४ मध्ये बहुमताविषयी शंका नव्हती आणि २०१९ मध्ये ते जुळत नव्हते. हा युक्तिवाद मान्य करूनही एक गोष्ट उरते. एका प्रसंगी तासांचा हिशेब झाला, दुसऱ्या प्रसंगी दिवसांचाही झाला नाही, आणि दोन्हींस आधार एकाच कलमाचा.

या संदर्भात सरकारिया आयोगाने (१९८८) सुचविलेला प्राधान्यक्रम वारंवार उद्धृत होतो. निवडणूकपूर्व आघाडी, इतरांच्या पाठिंब्यासह सर्वांत मोठा पक्ष, सर्व घटक सत्तेत सहभागी असलेली निवडणुकोत्तर आघाडी आणि शेवटी बाहेरून पाठिंबा असलेली आघाडी, असा तो क्रम आहे. मात्र निवडणूकपूर्व आघाडी निकालानंतर आपापसातच फुटली तर काय, हा २०१९ मधील खरा प्रश्न होता. तो वादही अलिखिताचाच. मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षे वाटून घेण्याचे ठरले होते, असे एक पक्ष सांगत होता. असे काही ठरलेच नव्हते, असे दुसरा. बंद दाराआडील बोलणे संकेताचा दर्जा मिळवू शकत नाही. सर आयव्हर जेनिंग्ज यांनी संकेत ओळखण्यासाठी तीन प्रश्न सांगितले आहेत : पूर्वीची उदाहरणे आहेत काय, संबंधितांना आपण बांधील आहोत असे वाटत होते काय, आणि त्या नियमास काही कारण आहे काय. मोठ्या भागीदाराचा मुख्यमंत्री, हा आघाडीच्या राजकारणातील तथाकथित संकेत या कसोटीस लावून पाहावा. १९९५ मध्ये शिवसेना ७३ व भाजप ६५, मुख्यमंत्री शिवसेनेचा. २००४ मध्ये राष्ट्रवादी ७१ व काँग्रेस ६९, मुख्यमंत्री काँग्रेसचा. राष्ट्रवादीने अधिक मंत्रिपदे घेतली. २०२२ मध्ये शंभरावर सदस्य असलेल्या भाजपने मुख्यमंत्रिपद श्री. एकनाथ शिंदे यांना दिले. बांधिलकीची भावना येथे कोठेही आढळत नाही. हा सौदा आहे, आणि त्यास संकेत म्हणणे ही आपल्या राजकीय पत्रकारितेची सैल भाषा होय.

राजीनामा : संकेत कोणामुळे पाळला जातो

न्यायालयाने ताशेरे ओढल्यास मुख्यमंत्र्याने पायउतार व्हावे, हा संकेत महाराष्ट्राने घालून दिला असे अभिमानाने सांगितले जाते. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट प्रकरणातील उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर श्री. अंतुले यांनी, आणि १९८६ मध्ये वैद्यकीय परीक्षेतील गुणांच्या प्रकरणानंतर श्री. शिवाजीराव पाटील-निलंगेकर यांनी राजीनामा दिला. कोणत्याही कलमाने तो मागितला नव्हता. परंतु तो मागणारी एक सत्ता होती, ती म्हणजे दिल्लीतील पक्षश्रेष्ठी. मुख्यमंत्री बदलणे ही त्या काळी काँग्रेसमध्ये नित्याची बाब होती. १९८२ ते १९८८ या सहा वर्षांत राज्याने अनेक मुख्यमंत्री पाहिले, आणि त्यांपैकी बहुतेक बदलांस न्यायालयाचे निमित्तही नव्हते. १९९९ च्या आरंभी श्री. मनोहर जोशी यांनी पद सोडले तेही पक्षप्रमुखांच्या आदेशावरून. म्हणून नैतिकतेचा पायंडा असे ज्यास आपण म्हणतो, त्यातील बराच भाग पक्षांतर्गत अधिकाराचा होता असे मानावे लागते. मुख्यमंत्र्याच्या डोक्यावर असा अधिकार नसेल, किंवा तो अधिकारच त्याच्या पाठीशी उभा असेल, तर संकेत निराधार होतो. पेशवाईतही वस्त्रे साताऱ्याहून येत आणि निर्णय पुण्यात होत असे. सवाई माधवरावांना अवघ्या चाळीस दिवसांचे असताना वस्त्रे मिळाली, त्यावेळी छत्रपतींनी निवड केली असे कोणी म्हणणार नाही. नेमणूक करणारा आणि ठरविणारा यांतील हे अंतर आपल्याकडे नवीन नाही.

२९ जून २०२२

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेतील बंडानंतर राज्यपालांनी २८ जून रोजी बहुमत सिद्ध करण्याचे निर्देश दिले. २९ जूनच्या रात्री सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती नाकारली आणि काही मिनिटांतच श्री. ठाकरे यांनी राजीनामा जाहीर केला. ३० जून रोजी श्री. शिंदे यांचा शपथविधी झाला व ४ जुलै रोजी त्यांनी १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला.

११ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला. राज्यपालांसमोर सरकारने विश्वास गमावला असे मानण्यास पुरेशी वस्तुनिष्ठ सामग्री नव्हती, पक्षांतर्गत कलह मिटविण्यासाठी बहुमत चाचणीचा वापर करता येत नाही, म्हणून चाचणीचा निर्देश समर्थनीय नव्हता, असे न्यायालयाने सांगितले. तरीही पूर्वस्थिती प्रस्थापित करता येणार नाही, कारण श्री. ठाकरे चाचणीस सामोरे गेले नाहीत, त्यांनी स्वतः राजीनामा दिला. त्यामुळे श्री. शिंदे यांना पाचारण करण्याचा राज्यपालांचा निर्णय योग्य ठरला.

कायद्याच्या दृष्टीने ही मांडणी सुसंगत आहे. स्वेच्छेने दिलेला राजीनामा न्यायालयाने रद्द कसा करावा? २०१६ मध्ये अरुणाचल प्रदेशचे सरकार न्यायालयाने पुनःस्थापित केले होते, पण तेथे मुख्यमंत्र्याने राजीनामा दिलेला नव्हता. संकेतांच्या दृष्टीने मात्र या निकालाचा परिणाम गंभीर आहे. बहुमत गेले हे दिसत असता मतदानाची वाट न पाहता पद सोडणे, हा संसदीय परंपरेतील एक सभ्य प्रघात आहे. १९९६ मध्ये वाजपेयींनी मतदानापूर्वी राजीनामा दिला. २६ नोव्हेंबर २०१९ रोजी न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी खुल्या मतदानाने चाचणी घेण्याचा आदेश दिल्यावर श्री. फडणवीस यांनीही तेच केले. २०२२ मध्ये जो हे करून मोकळा झाला, त्याचा कायदेशीर उपायही त्याच कृतीने संपला.

यावर असा आक्षेप येईल, की श्री. ठाकरे यांचा पराभव अटळ होता आणि राजीनामा हा सभ्यतेचा नव्हे, हिशेबाचा भाग होता. तसे असू शकेल. परंतु संकेताचे मूल्य पाळणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नसते. इंग्लंडचा राजा मंत्र्यांचा सल्ला कोणत्या मनाने मानतो, हे आपण विचारत नाही. संकेत टिकतो तो पाळल्याने फार नुकसान होत नाही म्हणून. यापुढे अडचणीत आलेल्या कोणत्याही मुख्यमंत्र्यास त्याचा वकील एकच सल्ला देईल : राजीनामा देऊ नका, सभागृहात हरा, मग न्यायालयात या. सभागृहात हरण्यासाठी सभागृह चालावे लागते, आणि अध्यक्षपद फेब्रुवारी २०२१ पासून जुलै २०२२ पर्यंत रिक्त राहिलेल्या राज्यात हे किती सोपे आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

मग सर्व काही लिहून काढावे काय? इंग्लंडने २०११ मध्ये संसदेच्या विसर्जनाचा प्रश्न निश्चित मुदतीच्या कायद्यात बांधला आणि २०२२ मध्ये तो कायदा रद्द करून जुन्या प्रथेकडे परत जाणे पसंत केले. आपल्याकडे मंत्रिमंडळाचा आकार ९१ व्या दुरुस्तीने (२००३) पंधरा टक्क्यांवर आणला, ही लिखित मर्यादा मोजता येते म्हणून पाळली जाते. उपमुख्यमंत्रिपद तर घटनेत नसतानाही १९७८ साली श्री. नासिकराव तिरपुडे यांच्यापासून रूढ झाले, आणि ते वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मान्य केले. त्यात कोणाचे काही बिघडले नाही. मोजता येते ते लिहावे, विवेकावर सोपवावे लागते ते लिहू नये, अशी ढोबळ विभागणी त्यावरून सुचते. पाचारणाचा क्रम, त्यासाठीचे दिवस, शिफारशीवर निर्णय घेण्याची मुदत या बाबी मोजता येतात. राजीनाम्याची वेळ मोजता येत नाही. म्हणून तो लिहून घेण्याऐवजी, बेकायदा ठरलेल्या निर्देशामुळे दिलेला राजीनामा पूर्वस्थितीच्या आड येणार नाही, एवढे तत्त्व न्यायालयाने मान्य करणे प्रस्तुत लेखकास अधिक योग्य वाटते. राजीनाम्यानंतर नव्या सरकारने सभागृहात बहुमत सिद्ध केले असेल, तर त्या दोन बहुमतांची सांगड कशी घालावयाची, ही यातील खरी अडचण आहे. आणि ४ जुलै २०२२ च्या मतदानातील काही मते ज्या सदस्यांची होती त्यांच्याच अपात्रतेचा प्रश्न त्यावेळी प्रलंबित असल्याने, ती अडचण दिसते तेवढी दुस्तर नाही.